आधी भाता पाहा

“काका, लिवलेलं इथं वाजते, तिथं नाई वाजत. काहून?”

अमरावती-अकोल्याकडे गाणी करणारी पोरंपोरी हा प्रश्न विचारतात तेव्हा ‘इथं’ म्हणजे स्वरलिपी लिहायचं सॉफ्टवेअर असतं, म्युझस्कोअर किंवा सिबेलियस. ‘तिथं’ म्हणजे रेकॉर्डिंगचं, बहुतेक वेळा रीपर. दोन्ही एकाच लॅपटॉपवर शेजारी-शेजारी उघडी, आणि दोघांत अबोला. तो सोडवायला आभासी मिडी तार लागते. ती फुकट मिळते, पाच मिनिटांत जोडता येते आणि चुकीची जोडली तर रात्र खाते.

मला हार्मोनियम शिकवणारे मास्तर पेट्या दुरुस्तही करत. त्यांचा कानमंत्र असा, की सूर वाजला नाही म्हणून लगेच सूर उघडायला बसू नये, आधी भाता पाहावा. भात्यात हवा भरते का, ती पुढे जाते का, खडा ओढलेला आहे का, पट्टी अडकली आहे का, आणि सगळ्यात शेवटी सूर. त्यांच्याकडे आलेल्या कितीतरी पेट्या खड्यापाशीच दुरुस्त व्हायच्या आणि गिऱ्हाईक हसत घरी जायचं. संगणकावर काम करताना मी आजही तोच क्रम धरतो. म्हणून आधी भात्याची गोष्ट.

मिडीच्या तारेतून आवाज जात नाही, हे डोक्यात पक्कं बसवा. जातात ते हुकूम. ६० नंबरचा सूर दाब, ८० च्या जोराने दाब, आता सोड. एवढंच. आवाज काढायचं काम पलीकडच्या वाद्याचं. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतल्या एका वाद्यप्रदर्शनात सिक्वेन्शियलचा प्रॉफेट-६०० आणि रोलँडचा ज्युपिटर-६ हे दोन वेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर एका तारेने जोडून दाखवले, तिथून हा करार जगभर चालू झाला. म्हणजे मिडीचं वय आपल्या अमरावती विद्यापीठाएवढं, तेही १९८३ चंच. सोळा चॅनेल आणि शून्य ते १२७ पर्यंतचे आकडे एवढ्या भांडवलावर ही भाषा चाळीस वर्षांहून जास्त टिकली. आवाजच जात नसल्यामुळे ‘तारेतून आवाज फाटतो’ ही तक्रार मी ऐकूनच घेत नाही. फाटत असेल तर तो पलीकडे.

तार जोडण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा. तुम्हाला ती खरंच लागते का? चाल पक्की झाली, स्वरलिपी पूर्ण झाली आणि आता फक्त ती रीपरमध्ये न्यायची असेल तर तारेच्या फंदात पडू नका. स्वरलिपीतून मिडी फाईल काढा आणि रीपरमध्ये टाका. सूर, जोर, लय, मात्रा सगळं एका फाईलमध्ये जातं. तार लागते ती चाल घडत असताना. व्हायोलिनच्या चार ओळी लिहिल्या आणि त्या रीपरमधल्या चांगल्या आवाजात कशा लागतात ते त्याच क्षणी ऐकायचं असेल, तेव्हा. त्यातही म्युझस्कोअरची चौथी आवृत्ती डिसेंबर २०२२ मध्ये आली, तिच्यात व्हीएसटी३ जातीची वाद्यं थेट उघडतात, त्यामुळे बऱ्याच जणांचं काम तिथल्या तिथेच भागतं. मिडी बाहेर पाठवायची सोय मात्र प्रत्येक आवृत्तीत सारखी नाही. आपल्या आवृत्तीच्या सेटिंगमध्ये मिडी आउटपुट दिसतं का, हे आधी पाहा. तिसऱ्या आवृत्तीत ते होतं, आणि तिसरी-चौथी एकाच संगणकावर सुखाने नांदतात. चौथीतली फाईल तिसरीत न्यायची तर म्युझिकएक्सएमएल करून न्या.

आता तार. विंडोजवर टोबियास एरिक्सन यांचा लूपमिडी नावाचा छोटा प्रोग्राम आहे, खासगी वापराला फुकट. उघडायचा, खाली नाव लिहायचं, अधिकाचं बटण दाबायचं, झाली तार. नाव इंग्रजी अक्षरांत, लहान आणि अर्थाचं ठेवा. देवनागरी नावांची काही जुन्या प्रोग्रामांत प्रश्नचिन्हं होतात. मॅकवर काही उतरवून घ्यावं लागत नाही. ‘ऑडिओ मिडी सेटअप’मध्ये मिडी स्टुडिओची खिडकी उघडा, तिथे ‘आयएसी ड्रायव्हर’ नावाचं खोकं दिसेल, त्यावर दोनदा टिचकी मारून ‘डिव्हाइस इज ऑनलाइन’वर खूण करा.

क्रम पाळा. आधी तार, मग रीपर, मग स्वरलिपी. बरेच प्रोग्राम उघडताना एकदाच आजूबाजूला पाहतात आणि जे पोर्ट दिसतील तेवढ्यांचीच यादी करतात. तार नंतर काढली तर यादीत ती नसते, आणि पोरं सेटिंग उलटंपालटं करत बसतात. संगणकाबरोबरच लूपमिडी सुरू होईल अशी खूण त्यात करता येते, ती करून टाका.

रीपरमध्ये प्रेफरन्सेसमधल्या मिडीच्या पानावर तुमच्या तारेचं नाव दिसेल. त्याचं इनपुट चालू करा. मग एक ट्रॅक घ्या, त्यावर वाद्य चढवा, रेकॉर्डचं लाल बटण दाबा, मॉनिटरिंग चालू ठेवा आणि इनपुट म्हणून तीच तार निवडा. ‘सगळी मिडी इनपुट’ निवडू नका. सगळी म्हटलं की समोरचा कीबोर्डही त्यात आला, आणि चहा पिताना कोपर लागला तरी तो सूर गाण्यात येतो. सिबेलियसमध्ये प्लेबॅक डिव्हायसेसच्या खिडकीत तार चालू करायची आणि मिक्सरमध्ये प्रत्येक ओळीला ते डिव्हाइस द्यायचं. एका ओळीला एक चॅनेल, आणि रीपरमध्ये त्या चॅनेलचा एक ट्रॅक. सोळांच्या पुढे गेलात तर दुसरी तार काढा, त्याला पैसे पडत नाहीत.

वाजलं नाही, तर मास्तरांचा क्रम. स्वरलिपीत रेघ पुढे सरकते आहे का? सरकत असेल तर लूपमिडीची खिडकी समोर घ्या. तिच्यात प्रत्येक तारेपुढे एकूण किती माहिती गेली याचा आकडा असतो. स्वरलिपी वाजत असताना तो आकडा वाढत असेल तर भाता ठीक आहे, हवा सुटली आहे. आकडा जागचा हलत नसेल तर दोष स्वरलिपीच्या बाजूचा, रीपरला हातसुद्धा लावू नका. आकडा वाढतो आणि रीपरच्या ट्रॅकवरची पट्टी लुकलुकत नाही, तर इनपुट किंवा चॅनेल चुकला. पट्टी लुकलुकते आणि आवाज नाही, तर वाद्य चढलेलं नाही किंवा ते दुसऱ्याच चॅनेलवर कान देऊन बसलंय. इतकं सगळं पाहून झाल्यावर स्पीकरची वायर. खरं सांगायचं तर लोक याच्या बरोबर उलट जातात. स्पीकर काढतात, ड्रायव्हर पुन्हा टाकतात, विंडोज पुन्हा टाकायला निघतात, आणि लूपमिडी बंदच असतो.

आवाज दुहेरी येत असेल, घुमल्यासारखा किंवा किंचित मागेपुढे, तर स्वरलिपीचा स्वतःचा आवाजही चालू आहे. तो तिथे बंद करा. इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड जोडलेला असेल तर त्याच्यावरचं ‘लोकल’ बंद करा. कारण तेच.

एकाच तारेच्या दोन्ही टोकांशी एकच प्रोग्राम बांधू नका. रीपरने तारेतून ऐकलं आणि तेच पुन्हा त्याच तारेत सोडलं तर हुकूम गोल गोल फिरत राहतो, संगणक गुदमरतो आणि कुठलातरी सूर अडकून कान किटवतो. रीपरकडून काही परत पाठवायचंच असेल तर परतीची वेगळी तार काढा. जाणारी एक, येणारी एक. सूर अडकलाच तर घाबरायचं नाही, प्रत्येक प्रोग्राममध्ये सगळे सूर सोडण्याचा हुकूम असतो. तो कुठे आहे हे मात्र आधी शोधून ठेवा. गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना शोधू नका.

सप्तकाचा घोटाळा नेहमीचा. मधली पांढरी एक कुणी सी३ म्हणतं, कुणी सी४. यामाहाची रीत एक, रोलँडची दुसरी. त्यामुळे गाणं एक सप्तक वर-खाली गेल्यासारखं वाटतं आणि लोक सगळी स्वरलिपीच सरकवतात. नावाकडे पाहू नका, आकड्याकडे पाहा. मधला सा पांढरी एकमध्ये धरला तर तो ६०, कुठल्याही कंपनीत, कुठल्याही देशात. काळी दोनमध्ये गाणाऱ्यांनी तो ६३ धरावा.

लयीबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण बहुतेकांची चाल तिथेच लंगडते. तारेतून सूर जातात, पण लयीचं गणित आपोआप जात नाही. स्वरलिपीत ९२ ची लय आणि रीपरमध्ये कोऱ्या पानाची १२० असेल, तर ऐकायला सगळं बरोबर वाटेल, पण रीपरच्या चौकटीत एकही मात्रा जागेवर बसणार नाही. मग ढोलकीवाल्याला क्लिक कुठला द्यायचा? आधी दोन्हीकडे लय सारखी करा. स्वरलिपीच्या सुरुवातीला दोन रिकामी आवर्तनं सोडा आणि पहिल्या रिकाम्या समेवर प्रत्येक ओळीत एकेक खुणेचा सूर ठेवा. रेकॉर्ड झाल्यावर ती खूण रीपरच्या मात्रेवर सरकवायची की सगळं जागेवर येतं, मग खूण पुसून टाकायची. गाणं विलंबितातून द्रुतात जात असेल तर तारेने रेकॉर्डच करू नका, फाईल न्या. मिडी फाईल आत घेताना रीपर विचारतो, लयीचा नकाशाही घेऊ का? हो म्हणा. मिडी क्लॉकनेही दोघांना बांधता येतं, त्यात दर चतुर्थांश सुराला २४ टिचक्या जातात. पण एका लॅपटॉपवर एवढा खटाटोप मला पटत नाही.

सूर दाबल्यावर आवाज यायला उशीर लागतो तो तारेमुळे नाही, रीपरच्या ऑडिओ सेटिंगमधल्या बफरमुळे. सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या हिशेबात २५६ चा बफर म्हणजे जेमतेम ६ मिलिसेकंद, १०२४ चा म्हणजे २३. चाल घडवताना लहान ठेवा, मिक्सिंगला बसताना मोठा करा. काही व्हायोलिनचे नमुने मुळातच सावकाश उमलतात, ते मागे पडल्यासारखे वाटतात. त्यासाठी बफरला शिव्या देऊ नका. त्या ट्रॅकला थोडी आगाऊ चाल द्या, रीपरमध्ये ती सोय ट्रॅकपुरती आहे.

मींड. इथे माझं मत ठाम आहे. मिडीत सूर वाकवण्याचा हुकूम संपूर्ण चॅनेलला लागतो, एका सुराला नाही. म्हणून बासरी आणि तिच्या साथीचे सूर एका चॅनेलवर ठेवले तर बासरीच्या मींडेबरोबर साथही घसरते. मींडेचं वाद्य एकटं ठेवा. शिवाय वाकवण्याची हद्द बहुतेक वाद्यांत मुळात दोन अर्धस्वरांची असते. सा ते शुद्ध ग म्हणजे चार अर्धस्वर, तिथपर्यंत ती पोचतच नाही. हद्द बारा करा आणि दोन्ही बाजूंना सारखी करा, नाहीतर ग च्या जागी भलताच सूर लागेल. एवढं करूनही जे मिळतं ते नमुन्यादाखल. खरी मींड हवी असेल तर गळ्याचा किंवा गजाचा माणूस बोलवा.

गझलेला तर स्वरलिपीच्या लयीत कोंबूच नका. सुरेश भट १९३२ साली अमरावतीत जन्मले आणि भीमराव पांचाळेही याच जिल्ह्यातले, त्यामुळे आपल्याकडे दर चौथा पोरगा गझल बांधतो, ते बरंच आहे. पण गझल गाणारा शेराच्या शेवटी थांबतो, श्वास घेतो, दाद घेतो. आधी त्याला पेटीवर मोकळं गाऊ द्या, ते रेकॉर्ड करा, त्यावरून रीपरमध्ये लयीचा नकाशा बनवा आणि मग बाकीची वाद्यं त्या नकाशावर लिहा. गाणाऱ्याने यंत्रामागे धावायचं नाही.

उन्हाळ्याचं वेगळं सांगावं लागतं, कारण पुण्या-मुंबईचे शिकवणारे ते सांगत नाहीत. अकोल्यात पारा ४५ च्या वर गेला की लॅपटॉप स्वतःला वाचवायला आपला वेग कमी करतो. मग आवाजात कडकड येते आणि तुम्ही तारेत दोष शोधता. लॅपटॉपखाली हवा खेळू द्या, जड वाद्यं ऑडिओ करून गोठवा. आणि कूलर! तो माइकमध्ये जातोच, शिवाय त्याच्या ओलाव्याने तबल्याची पुडी उतरते. तबला, गळा, पेटी सकाळी सातच्या आत कूलर बंद करून घ्या, मिडीचं काम दुपारी हेडफोन लावून करा. लाईट जाणार हे धरूनच चाला. लॅपटॉप बॅटरीवर तगतो, पण ऑडिओ इंटरफेसला वेगळी वीज लागत असेल तर यूपीएस त्याला हवा.

रेकॉर्डिंग अकोल्यात आणि चाल अमरावतीत, असं आपल्याकडे सर्रास चालतं. या दोन गावांमधला रस्ता २०२२ च्या जून महिन्यात गिनेसमध्ये गेला, १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबरीकरण झालं म्हणून. तुमची तार मात्र मूर्तिजापूरपर्यंतसुद्धा येणार नाही. ती तुमच्या लॅपटॉपच्या आतच आहे. दुसऱ्याच्या स्टुडिओत जाताना प्रत्येक वाद्याची वेगळी वेव्ह फाईल न्या, सगळ्या एकाच बिंदूपासून सुरू होणाऱ्या आणि एकाच लांबीच्या. सोबत मिडी फाईल, म्युझिकएक्सएमएल, पीडीएफ आणि एका साध्या कागदावर लय, पट्टी, ताल. तिथे तुमची वाद्यं नसतील, तुमची आवृत्ती नसेल, तासाचं मीटर चालू असेल.

जोडण्या मरतात, हे लक्षात ठेवा. रीवायर नावाची एक जोडणी कित्येक वर्षं लोक वापरत होते, २०२० मध्ये तिच्या मालकांनी ती बंद केली. फिनाले हे स्वरलिपीचं नावाजलेलं सॉफ्टवेअर, ऑगस्ट २०२४ मध्ये त्याचंही काम थांबवल्याची घोषणा झाली. ज्यांनी फक्त त्याच्याच फाईली जपल्या होत्या त्यांची तारांबळ उडाली. १९८८ मध्ये ठरलेला मिडी फाईलचा साचा मात्र आजही कुठेही उघडतो. चाल घडवताना तार वापरा, जपून ठेवताना आणि दुसऱ्याला देताना फाईल.

मग तारेचा खरा उपयोग वऱ्हाडात कुठे? माझ्या मते खंजेरीत. मिडीच्या सर्वसाधारण ताल-यादीत ३५ ते ८१ हे नंबर वाटून दिलेले आहेत आणि ते दहाव्या चॅनेलवर वाजतात. त्यात ब्राझीलची कुईका आहे, वऱ्हाडची खंजेरी नाही. जवळचं म्हणून ५४ नंबरचं टॅम्बोरीन लावतात आणि भजन सर्कशीसारखं वाजतं. १९०९ साली यावलीत जन्मलेल्या तुकडोजी महाराजांनी ज्या वाद्यावर गावंच्या गावं जागी केली आणि आपल्या अकोला जिल्ह्यातले सत्यपाल महाराज ज्याच्या सात-सात एकट्याने वाजवतात, त्या वाद्याला या यादीत जागा नसेल तर ती आपण करायची.

खोलीला चारी बाजूंनी गोधड्या टांगा. पंखा बंद. माइक हातभर लांब, थेट चामड्यासमोर न धरता जरा तिरपा. वाजवणाऱ्याला गाणं नको, एकेक ठोका मागा. मोकळा, दाबलेला, काठावरचा बोटाचा आणि नुसत्या चकत्यांचा. प्रत्येक हळू, मध्यम आणि जोरात, आणि दोन ठोक्यांमध्ये चकत्यांची किणकिण पूर्ण विरेपर्यंत थांबा. घाई इथेच होते आणि शेपूट कापलेला ठोका कितीही मिक्सिंग केलं तरी लाकडासारखाच वाजतो. मग रीपरसोबत येणारा सॅम्पलर घ्या, रीसॅम्पलोमॅटिक ५०००. एका ठोक्याला एक सॅम्पलर, आणि सुरुवातीचा व शेवटचा सूर एकच ठेवा. मोकळा ६०, दाबलेला ६१, काठ ६२, चकत्या ६३. तसेच नंबर स्वरलिपीतल्या तालवाद्याच्या ओळीला द्या, प्रत्येक ठोक्याला वेगळं चिन्ह. आता तुम्ही कागदावर लिहिलेला भजनी ठेका तारेतून जाऊन खऱ्या खंजेरीत वाजेल. मात्रा हलवा, लगेच ऐका, पुन्हा हलवा. फाईल काढ-टाक करून हे सुख मिळत नाही.

पण ज्याच्या हाताचे ठोके घेतले तो माणूस तुमच्या गाण्यात यापुढे कायम वाजत राहणार आहे, आणि प्रत्येक वेळी त्याला बोलावणं जाणार नाही. म्हणून नमुने घेण्याच्या दिवशीच त्याला पूर्ण बिदागी द्या. ते कुठे आणि कशाला वापरणार ते त्याला समजेल अशा भाषेत सांगून त्याचा होकार घ्या. गाणं बाहेर आलं की त्याच्या गावासकट त्याचं नाव छापा. आणि एखाद्या मंडळाला भजनासाठी हे नमुने लागले तर फुकट द्या.